माडगूळकरांची रेषा आणि खाडीचं कोरं पान

जयगडला येऊन निसर्गलेखनावर बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता किल्ला, दीपगृह आणि खाडीवरचा सूर्यास्त यांचं वर्णन होणार. ते होणार नाही. तुम्हाला ते रोज दिसतं, आणि जे ऑनलाइन ऐकताहेत त्यांना फोटो हवे तेवढे मिळतील. मला आज एका लेखकाच्या पेन्सिलीबद्दल बोलायचंय. आणि त्या निमित्तानं या खाडीबद्दल मराठीत जे लिहिलंच गेलं नाही, त्याबद्दल.

लेखक व्यंकटेश माडगूळकर. जन्म १९२७चा, माणदेशातल्या माडगूळचा. पावसाची वाट बघणारा मुलूख तो. तुमच्या इथल्या पाण्याचा आणि तिथल्या पाण्याचा हिशोब अगदी उलटा. आपण त्यांना ‘बनगरवाडी’मुळे ओळखतो, त्यांच्या कथांमुळे ओळखतो. पण या माणसाच्या मनात आधी चित्रकार व्हायचं होतं. पुढे पुण्याला आकाशवाणीत नोकरी केली. शिकार केली, आणि मग बंदूक बाजूला ठेवून वही घेऊन रानात बसायला लागले. ‘नागझिरा’, ‘जंगलातील दिवस’ ही पुस्तकं त्या बसण्यातून आली. त्यांत त्यांचीच रेखाटनं आहेत.

आता मराठी समीक्षेनं या रेखाटनांचं काय केलं? ‘माडगूळकर उत्तम चित्रकारही होते’ एवढं एक वाक्य लिहिलं. त्या ‘ही’वर सगळं भागवलं. जणू मजकूर हे जेवण आणि चित्र ही पानातली चटणी. माझं म्हणणं असं आहे की रानावर लिहिताना माडगूळकरांचं चित्र आधी येतं आणि वाक्य त्याच्या मागून चालतं. ते वाक्य तसं का आहे हे चित्राकडे न बघता कळत नाही.

जरा साधं उदाहरण घेऊ. ‘वानरानं झाडावरून शेपटी सोडली होती’ असं वाक्य कुणीही लिहील. वाक्याला तेवढं पुरतं. पण तोच वानर कागदावर काढायला घ्या. तो चारी पायांवर चालतोय, शेपटी वर उचललेली आहे. ती पाठीवरून डोक्याकडे वळते की मागे वळते? कागदावर काहीतरी एक ठरवावंच लागतं, मोघम शेपटी काढता येत नाही. गंमत अशी की ही शेपटी नुसती शोभेची नाही. आपल्याकडच्या वानरांत उत्तरेकडच्यांची शेपटी चालताना पुढे, डोक्याच्या दिशेनं वळते आणि दक्षिणेकडच्यांची मागे. ढोबळमानानं तापी-गोदावरीची रेषा ही त्यांची सीमा मानतात, म्हणजे ती महाराष्ट्रातूनच जाते. जो पेन्सिल घेऊन बसला त्याला हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत पडतो. जो नुसता लिहितो त्याला तो आयुष्यभर पडला नाही तरी पुस्तक छापून येतं.

माडगूळकरांची रानातली बहुतेक रेखाटनं थोड्या रेषांची आहेत. जनावर आहे, त्याचा भार कुठल्या पायावर आहे ते आहे, कान कुठे वळलेत ते आहे. मागचं रान जवळजवळ नाहीच. आता त्यांचं गद्य वाचा. विशेषणं कमी. ‘घनदाट’, ‘गूढ’, ‘रौद्र’ असले शब्द, जे आपल्याकडे जंगल म्हटलं की रांगेनं येतात, ते तिथे फार सापडत नाहीत. जनावर काय करतंय तेवढं सांगायचं आणि थांबायचं. अनेकांना हे कोरडं वाटतं. मला स्वतःला तो कोरडेपणा मराठीवर झालेला उपकार वाटतो, कारण आपलं बाकीचं निसर्गलेखन ओलं फार आहे. पाऊस पडायच्या आधीच भिजलेलं.

आता ‘सत्तांतर’कडे येतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट. टोळीचा म्होरक्या नर, बाहेरून येणारे नर, मारामारी, हकालपट्टी. यात माणूस मध्यभागी नाही. त्या काळात मराठी कादंबरीत हे किती वेगळं होतं याचा अंदाज आज पटकन येत नाही.

पण या पुस्तकामागे एक वाद उभा आहे, तो मराठी वाचकाला सहसा कुणी सांगत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ धारवाडजवळ वानरांचा अभ्यास करत होते. धारवाड, म्हणजे आपल्या शेजारी. त्यांनी नोंदवलं की नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीची पिल्लं मारली जातात. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांना हेच दिसलं. मग सारा हर्डी या अमेरिकन संशोधक अबूच्या वानरांमागे फिरल्या आणि १९७७ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, यात नराचा फायदा आहे: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि पुढचं पिल्लू त्याचं होतं. दुसऱ्या बाजूचे शास्त्रज्ञ म्हणत, छे, ही विकृती आहे. माणसानं रान तोडलं, वानरांची गर्दी झाली, म्हणून हे घडतं. हा वाद तापलेला असतानाच माडगूळकर ही कादंबरी लिहीत होते. प्रयोगशाळा नाही, पदवी नाही, आणि विषय मात्र जगभरच्या अभ्यासकांच्या भांडणाच्या मध्यावरचा. याला मी धाडस म्हणतो.

आणि तक्रारही इथेच आहे. पुस्तकाचं नाव बघा. सत्ता. लेखकाला जे सूत्र सापडलं ते सत्तेचं सापडलं. १९७०च्या दशकातून, आणीबाणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या वाचकाला ते लगेच लागू पडलं, त्यानं वानरांत पुढारी बघितले. पण हर्डीबाईंच्या अभ्यासातला अर्धा भाग माद्यांचा होता. त्या काय करतात? पिल्लू कसं वाचवतात, एकमेकींची पिल्लं कशी सांभाळतात, नव्या नराला कशा चकवतात? टोळी म्हणजे मुख्यतः माद्या. नर येतात आणि जातात. कादंबरीत माद्या दिसतात, चांगल्या दिसतात, पण कथानकाचा कणा नरांच्या झुंजीतून जातो. चित्रकार माडगूळकरांनी सगळी टोळी पाहिली होती. कादंबरीकार माडगूळकरांना नायक लागला. माझ्या मते ‘नागझिरा’ हे ‘सत्तांतर’पेक्षा बरं पुस्तक आहे, कारण तिथे कुणालाच नायक करायचं नाही. हे मत बऱ्याच जणांना पटत नाही, चालेल.

आता दुसरं नाव घ्यायला हवं, मारुती चितमपल्ली. गेल्या वर्षी, २०२५च्या जूनमध्ये ते गेले. जन्म सोलापूरचा, सगळी नोकरी वनखात्यात. माडगूळकर रानात गेले ते पाहुणे म्हणून. चितमपल्ली तिथे राहिले. त्यांचं साधन पेन्सिल नव्हे, शब्द. गोंड, माडिया लोकांकडून त्यांनी नावं गोळा केली, जुनी संस्कृत नावं शोधली, नसतील तिथे घडवली. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. पक्ष्यांचा, प्राण्यांचा, झाडांचा, माशांचा कोश करायचा ध्यास घेतला. मराठीला असा दुसरा माणूस मिळालेला नाही आणि त्यांच्यावर टीका करताना हात जरा आखडतो.

तरीही सांगतो. नाव मिळालं की पाहणं थांबतं, ही भीती असते. ‘सुगरण’ हेच नाव घ्या. बाईमाणसाचं नाव. आपल्या सगळ्यात लाडक्या कवितेतही घरटं विणणारी ‘ती’ आहे. सलीम अली १९३०च्या पावसाळ्यात किहीमला राहत होते, तुमच्या वरच्या अंगाला, अलिबागजवळ. रोज बसून त्यांनी सुगरणींची वसाहत बघितली. विणणारा नर. तो घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते. मग तो बाकीचं पुरं करतो आणि पुढचं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. किनाऱ्यावरच्या एका गावात, दुर्बीण आणि वही एवढ्यावर हे उलगडलं. हा अभ्यास आता शंभरीकडे आलाय, आणि मराठीत आपण अजून शाळेत मुलांना सुगरणीचं कौतुक ‘आईची माया’ म्हणून शिकवतो. नाव आपल्याला खोटं शिकवतंय आणि आपण त्याची पाठांतरं घेतोय.

अशीच एक गोष्ट माधव गाडगीळ यांची. ते खरोखरचे इकॉलॉजिस्ट, हार्वर्डला शिकलेले, बंगळुरूला या विषयाचं केंद्र उभारलेले. मुलगा असताना त्यांना घराच्या आवारात वेडे राघू दिसायचे. एकदा लक्षात आलं की यांच्या शेपटीतली ती दोन लांब पिसं नाहीशी झालीत. सलीम अलींना पत्र लिहिलं. उत्तर आलं की पिसं झडण्याचा हंगाम आहे, पुन्हा येतील. वेडा राघू ज्याला नुसता ‘हिरवा सुंदर पक्षी’ दिसतो, त्याला हा प्रश्न कधीच पडणार नाही. शेपटीची बाह्यरेषा ज्याच्या डोळ्यात बसली आहे त्यालाच ती तुटलेली दिसते. पुढे वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी आत्मचरित्र मराठीतही दिलं, ‘सह्याचला आणि मी’. त्यातही मला राघूच्या जातीचेच प्रसंग आवडतात; धोरणांच्या प्रकरणांत ते जास्त घाईत आहेत.

गाडगीळांचं नाव इथे आणखी एका कारणानं घ्यावं लागतं. २०१० साली पश्चिम घाटासाठी जी समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे त्या समितीकडे खास सोपवले गेले. का, ते जयगडकरांना सांगायला नको. बंदरं, औष्णिक वीज, खाणी. तुमच्या पठारावर बाराशे मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, त्याच्या चिमणीला तुम्ही आता दीपगृहासारखं धरून चालता.

आणि इथे मला आजचा मुख्य मुद्दा मांडायचाय. प्रकल्प येतो तेव्हा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल होतो. २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मूळ अहवाल इंग्रजी, जाडजूड. सारांश मराठी, थोडक्या पानांचा. म्हणजे बघा, कितीतरी खाड्यांच्या बाबतीत तिथल्या जिवांविषयी लिहिलेलं एकमेव मराठी गद्य हा सारांश आहे! साहित्य म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. समीक्षकानं का बघू नये? मी असे काही सारांश वाचलेत. ‘प्रकल्पक्षेत्रात सर्वसाधारणपणे आढळणारे पक्षी व सस्तन प्राणी आढळतात.’ अशा जातीची वाक्यं. आढळणारे आढळतात. खाडीचं नाव बदललं तरी परिच्छेद तसाच चालेल. याद्यांमध्ये नावं आहेत, पण कुणी कुठे बसून काय पाहिलं ते नाही. ओहोटीला की भरतीला? पावसाळ्यात की जानेवारीत? या मराठीला काही मोजमाप लावायचं तर मी माडगूळकरांच्या रेषेचं लावीन. या परिच्छेदावरून चित्र काढता येईल का? नाही येणार. मग काढता येईल असं दुसरं काही आपल्याकडे आहे का, जे सुनावणीत उभं राहून पुढे ठेवावं?

तर फारसं नाही. आपलं निसर्गलेखन रानातलं आहे. नागझिरा, नवेगाव, मेळघाट. कोकण आपल्या साहित्यात भरपूर आहे, पण माणसांचं. समुद्र येतो तो गाजायला, माड येतात ते झुलायला. खाजण, चिखल, खडपं इथे राहणारे जीव मराठी गद्यात ताटात येतात तेवढेच. तिसऱ्या, कालवं, शिनाणे, यांच्यावर आपण उत्तम लिहिलंय, पण रस्सा झाल्यावरचं!

गंमत म्हणजे या किनाऱ्यावर बारकाईनं पाहणारा एक लेखक होऊन गेला. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहायचा. १८५१ साली साताऱ्यात जन्मलेला, मीठ आणि जकात खात्यातला अंमलदार. उरण, कारवार, गोव्याची हद्द, रत्नागिरी अशा नोकऱ्या केल्या. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यात हा होता. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपलेही होते, हे जाता जाता. त्याच साली त्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक आलं, बंगल्याच्या आसपासच्या किड्या-बेडकांवर. चित्रं मॅक्री नावाच्या चित्रकाराची. विनोद फार चांगला. पण पुढचं पुस्तक आलं ते बंगल्यातल्या नोकरांवर, बटलर, धोबी, माळी. चित्रकार तोच आणि नजरही तीच. बेडकाकडे ज्या कौतुकानं पाहिलं त्याच कौतुकानं धोब्याकडे. बेडकाला त्याचं काही वाटलं नसेल. त्याचा १८९४चा निसर्गनिबंधांचा संग्रह स्टर्नडेल यांनी चितारला. हे गृहस्थ स्वतः सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिणारे, म्हणून तिथली चित्रं मला जास्त विश्वासाची वाटतात. एकूण, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातल्या बारीक जिवांवर लिहिणं झालं, ते इंग्रजीत आणि व्हरांड्यातून.

त्याहून जुना पुरावा हवा तर सड्यावर जा. चवे-देवूडच्या कातळावर गेंडा कोरलेला आहे. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी, मासे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गेंडा असा काढला की आज आपण त्याला गेंडा म्हणून ओळखतो. या जमिनीवर गेंडा नाही. रेषा आहे. माझ्या हिशोबी हे रत्नागिरी जिल्ह्याचं पहिलं निसर्गलेखन, आणि त्यात एकही विशेषण नाही.

आता कुणी म्हणेल, मोबाइल आहे, फोटो आहेत, पेन्सिल कशाला? फोटोशी माझं भांडण नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं समुद्री गरुडांच्या घरट्यांच्या नोंदी केल्या, वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखली, त्या कामात फोटोही लागतात. पण फोटो एका क्षणात सगळं घेतो, त्यामुळे घेणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. वाळूवरचा कासवाचा माग घ्या. आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाचे पुढचे पाय आळीपाळीनं पडतात, म्हणून दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांसमोर येत नाहीत, मागेपुढे येतात. हिरवं कासव दोन्ही पाय एकदम टाकतं, त्याचा माग समोरासमोर. फोटोत हे असतंच, पण बघणारा ‘किती सुंदर’ म्हणून पुढचा फोटो बघतो. मागाचं चित्र काढायला बसलात तर दुसऱ्याच ठशाला थांबाल.

इथल्या शिक्षकांनी मला विचारलं होतं, मुलांना सुरुवात कशानं करून द्यायची. वाघ नको. मोरही नको, मोर सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ असलेलं चित्र निरुपयोगी. निवटी घ्या. ओहोटीला खाजणाच्या कडेला बसा, तिवरांच्या सावलीत, आणि पहिली दहा मिनिटं काहीही काढू नका, कारण तुम्ही आलात म्हणून त्या बिळात गेलेल्या असतात. मग डोळे वर येतात. आधी डोळेच काढा, डोक्याच्या अगदी माथ्यावर बसलेले. मग पुढचे पर, ज्यांच्यावर रेटत ती चिखलावर चालते. ती डोकं डावी-उजवीकडे झाडूसारखं फिरवत चिखलावरचं शेवाळ खरवडते, त्याची नक्षी मागे राहते. ती नक्षी काढा. पाठीवरचा पर मध्येच ताठ उभा राहतो आणि मिटतो. कधी? दुसरी निवटी जवळ आली की? हे वहीत लिहा, तारीख आणि भरतीची वेळ घालून. नाव तुमच्या आजीला विचारा. ती जे सांगेल ते लिहा, पुस्तकातलं नको. आणि कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना वही दाखवा. चूक काढतील, ती दुरुस्त करा.

अशा दहा वह्या चार-पाच वर्षं भरल्या गेल्या तर पुढच्या सुनावणीत ‘सर्वसाधारणपणे आढळणारे’ या शब्दांवर कुणीतरी हात वर करू शकेल, पान उघडून. तिथे बसलेले अधिकारी चित्राला पुरावा मानतील का, हा प्रश्न मला मघाशी चहाच्या वेळी एकानं विचारला. तारीख, जागा, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव असेल तर त्यांना ते लेखी हरकतीला जोडलेला कागद म्हणून घ्यावं लागेल. पुढचं तुम्ही किती जण आणि किती वेळा उभे राहता त्यावर.

मला दिलेला वेळ संपलाय. नागझिऱ्याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आता विचारा, आणि ‘सत्तांतर’बद्दल भांडायचं असेल तर तेही.